जुन्या आउटबोर्डच्या कार्बोरेटरला कोणते स्क्रू लावावेत

जुन्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा, कार्बोरेटर खोलायला घेतला की जेट आणि फ्लोट नंतर येतात, आधी बाउलचे, म्हणजे खालच्या पेट्रोलच्या वाटीचे, चार स्क्रू आडवे येतात. दोन सहज सुटतात, तिसरा कुरकुरत सुटतो आणि चौथ्याची फुली आधीच कुणीतरी गोल करून ठेवलेली असते. सध्या माझ्या टेबलावर जपानी बनावटीचं, दोन सिलिंडरचं, आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, १९८० च्या दशकातलं. कार्बोरेटर आतून बघून बरं वाटलं. फ्लोट शाबूत आहे, जेटची भोकं गोल आहेत, बॉडीला कुठे तडा नाही. बाहेरचे स्क्रू मात्र एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. दोन मूळचे आणि गंजलेले, एक पितळी, एक स्टेनलेसचा आणि तोही लांबीला जास्त.

माझी उमेदीची वर्षं लेथवर गेली, त्यामुळे कुठलंही मशीन उघडलं तरी डोळे आधी आट्यांवर जातात. इतक्या लहान वस्तूबद्दल एवढं लिहावं का, असं कुणाला वाटेल. मला तर वाटतं की जुने कार्बोरेटर पेट्रोलनं किंवा वयानं जेवढे निकामी होत नाहीत, तेवढे चुकीच्या स्क्रूनं होतात. बाउलचा एक कोपरा नीट दाबला गेला नाही की पेट्रोल झिरपतं. बॉडीतले आटे गेले की मग कितीही नवीन गॅस्केट टाका, उपयोग नाही.

निवड करताना मी एकच गोष्ट धरून चालतो. जुन्या इंजिनाची बॉडी पुन्हा मिळेलच असं नाही, स्क्रू मात्र मिळतो. म्हणून झिजायचं, वाकायचं, तुटायचं असेल तर ते स्क्रूनं, बॉडीनं नाही. आणि आज बसवलेला स्क्रू काही वर्षांनी कुणाला तरी साध्या हातानं काढता आला पाहिजे. स्क्रू स्वतः किती टिकेल हा प्रश्न यानंतरचा.

काढलेला जुना स्क्रू लगेच टाकून देऊ नये. तो बरंच सांगतो. आट्यांत पांढरी भुकटी अडकली असेल तर बॉडीचं ॲल्युमिनियम किंवा जस्त खाल्लं जातंय. तांबूस गंज असेल तर स्क्रूवरचा मुलामा संपलाय. आटे एकाच बाजूनं चेपलेले असतील तर आधीच्या माणसानं तो तिरका घुसवलाय, आणि तशीच जखम भोकातही असणार. मी जाड पुठ्ठ्यावर कार्बोरेटरचा ढोबळ आकार काढतो आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात टोचून ठेवतो. चारही सारखेच असतील असं गृहीत धरू नये. एखाद्या कोपऱ्यात स्क्रूखाली केबलची पट्टी किंवा चोकचा कंस धरलेला असतो आणि तो स्क्रू मुद्दाम लांब असतो.

आता आटे. इंजिन कुठल्या देशातलं हा पहिला धागा. जुनी जॉन्सन आणि एव्हिनरूड ही अमेरिकन इंजिनं इंची आट्यांची. यामाहा, सुझुकी, टोहात्सू ही मेट्रिक. जुनं ब्रिटिश सीगल असेल तर ॲमलच्या किंवा व्हिलियर्सच्या कार्बोरेटरवर ब्रिटिश आटे भेटतात, आणि लहान स्क्रूंमध्ये बीए नावाची मालिका. पण इंजिनाच्या झाकणावरच्या नावावर विसंबून खरेदी करू नये. मर्क्युरीची अनेक लहान इंजिनं टोहात्सूनं बनवलेली आहेत, म्हणजे नाव अमेरिकन आणि आटे मेट्रिक. शिवाय चाळीस वर्षांत कार्बोरेटरच बदलला गेला असेल, तर झाकण काही सांगणार नाही.

म्हणून मोजायचं. पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर. व्हर्नियर कॅलिपर असेल तर पिच गेज नसला तरी काम भागतं. आधी आट्यांच्या माथ्यावरून व्यास घ्यायचा. तो नावापेक्षा नेहमी थोडा कमीच येतो. एम४, म्हणजे नावानं ४ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू, ३.९ मिलिमीटरच्या आसपास भरतो, एम५ साधारण ४.९. मग दहा आट्यांचं अंतर मोजायचं, एका माथ्यापासून पुढच्या दहाव्या माथ्यापर्यंत. एकच पिच मोजायला गेलं तर हात चुकतो, दहांत चूक विभागली जाते. एम४ चा प्रमाण पिच ०.७, म्हणजे दहा आटे ७ मिलिमीटरमध्ये. एम५ चा ०.८, म्हणजे ८ मिलिमीटर. अमेरिकन ८-३२ असेल तर व्यास ४.१७ मिलिमीटर आणि इंचाला ३२ आटे, म्हणजे दहा आट्यांना ७.९४ मिलिमीटर. आखूड स्क्रूवर दहा आटे नसतील तर पाच मोजा, पण एक नको.

खरा सापळा ५ मिलिमीटरच्या आसपास आहे. मेट्रिक एम५ चा व्यास ५ आणि पिच ०.८. अमेरिकन १०-३२ चा व्यास ४.८३ आणि पिच ०.७९४. ब्रिटिश २ बीएचा व्यास ४.७ आणि पिच ०.८१. एका बशीत टाकले तर नुसत्या नजरेनं हे तिघे वेगळे निघणार नाहीत. एम५ च्या भोकात १०-३२ चा स्क्रू छान फिरत आत जातो, शेवटी थोडा घट्टही वाटतो, पण आट्यांची पकड उथळ असते आणि आवळताना भोकातल्या आट्यांचे माथे खरवडले जातात. उलट १०-३२ च्या भोकात एम५ घातला तर तो दोन-तीन फेऱ्यांत अडतो, आणि तिथे माणूस जोर लावतो. २ बीएचा तर आट्यांचा कोनच निराळा, ४७.५ अंश. मेट्रिक आणि अमेरिकन दोन्ही ६० अंशांचे. कोन जुळत नसेल तर स्क्रू बसल्यासारखा वाटतो, पण आट्याची सबंध बाजू टेकत नाही, नुसती कडा टेकते. मऊ धातूत अशी कडा फार काळ तग धरत नाही.

जपानी इंजिन १९६० च्या दशकातलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तेव्हा तिथले लहान मेट्रिक आटे आजच्यापेक्षा वेगळ्या पिचचे होते. एम३ ला ०.६, एम४ ला ०.७५, एम५ ला ०.९. त्या दशकाच्या उत्तरार्धात आजचे ०.५, ०.७ आणि ०.८ हे पिच आले. जुन्या ०.७५ च्या भोकात आजचा एम४ काही फेऱ्या मुकाट जातो आणि मग जड होत जातो. भोक घाणेरडं असेल असं समजून माणूस तेल टाकतो आणि रेटतो. दहा आटे ७ ऐवजी ७.५ मिलिमीटर भरत असतील तर तिथेच थांबायचं. अशा वेळी जुनेच स्क्रू स्वच्छ करून वापरायचे, नाही तर त्या पिचचे शोधायचे. लेथ हाताशी असेल तर ते कापूनही घेता येतात, आणि मला स्वतःला ते काम फार आवडतं.

मोजमापं झाल्यावरची माझी शेवटची खात्री अगदी साधी आहे. माहितीतला स्क्रू आणि हा अनोळखी स्क्रू एकमेकांना चिकटवून आट्यात आटा बसवायचा आणि उजेडाकडे धरायचा. सगळ्या लांबीत कुठेही फट दिसली नाही तर पिच तोच. मग भोक साफ करून नवा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवून पाहायचा. तो तळापर्यंत बोटांनी गेला पाहिजे. जात नसेल तर ड्रायव्हर हातात घ्यायचाच नाही, आधी कारण शोधायचं.

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे तर फुलीबद्दल. जपानी इंजिनांवरचे फुलीचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण बहुतेक वेळा ते जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक प्रमाणाचे असतात. फिलिप्सचा ड्रायव्हर त्यांत पुरता तळाला टेकत नाही. जोर वाढला की तो वर उचलला जातो आणि फुलीच्या कडा घेऊन बाहेर येतो. जुन्या इंजिनांवर गोल झालेल्या ज्या फुल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा अशा झालेल्या असतात. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो, तो शोधावा. जेआयएसचा २ नंबरचा ड्रायव्हर एम३ ते एम५ पर्यंतच्या स्क्रूंना चालतो, म्हणजे कार्बोरेटरवरचं जवळजवळ सगळं काम त्यात आलं. जुन्या जपानी इंजिनावर काम करणार असाल तर स्क्रूंच्या आधी हा ड्रायव्हर घ्या. नवे स्क्रू घेतानाही फुली जेआयएसची की फिलिप्सची हे बघून घ्या. डब्यात दोन्हींची सरमिसळ असेल तर पुढच्या वेळी कोणता ड्रायव्हर कशाला, हा गोंधळ होतोच.

धातूच्या निवडीवर माझं आणि पुतण्याचं एकमत व्हायला वेळ लागला. तो उत्साहानं म्हणाला, "काका, सगळे स्टेनलेसच टाकू या. म्हणजे पुन्हा बघायलाच नको."

मी म्हटलं, "अरे, पुन्हा बघायचंच आहे. दर हंगामाला बाउल उघडायचाय. तेव्हा तो निघाला पाहिजे."

स्टेनलेस वाईट नाही. खाऱ्या हवेत तो गंजत नाही, हे खरंच आहे. पण तो ॲल्युमिनियममध्ये बसवला आणि दोघांच्या मध्ये खारं पाणी शिरलं की त्यांची छोटीशी बॅटरी तयार होते. अशा बॅटरीत कुठला धातू आधी विरघळतो याचा एक क्रम असतो. त्यात ॲल्युमिनियम स्टेनलेसच्या खाली, म्हणून विरघळायचं काम त्याच्याकडे येतं. स्क्रू चकचकीत राहतो आणि त्याच्याभोवतीचं भोक पांढऱ्या भुकटीत बदलत जातं. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, त्यामुळे स्क्रू आवळून धरला जातो. सोडवायला गेलं की स्क्रू तुटतो किंवा आटे सोबत घेऊन बाहेर येतो. पितळही या बाबतीत निरुपद्रवी नाही. त्या क्रमात ॲल्युमिनियमपासून तेही लांबच आहे.

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर फरक आणखी वाढतो, कारण जस्त या क्रमात ॲल्युमिनियमच्याही खाली आहे. बॉडी कशाची हे वजनावरून ओळखता येतं. ॲल्युमिनियमची घनता २.७, आणि ओतकामाच्या जस्ताची ६.६ च्या आसपास. एवढासा कार्बोरेटर हाताला अनपेक्षित जड लागला तर तो जस्ताचा.

म्हणून बाउलला माझी पसंती जस्ताचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादी स्क्रूंना आहे. मुलामा आणि बॉडी हे धातू त्या क्रमात एकमेकांच्या जवळचे आहेत, त्यामुळे भांडण कमी. तो मुलामा काही मायक्रॉनचाच असतो, एक दिवस संपतो, आणि मग स्क्रूवर तांबूस डाग येतात. ते डाग म्हणजे बदलायची वेळ झाल्याची सूचना. चार नवे स्क्रू टाकायचे आणि पुढे जायचं. फुलीचे साधे मशीन स्क्रू बहुधा ४.८ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा आकडा), म्हणजे तसे मऊ असतात. इथे तो मऊपणा मला हवाच आहे. १२.९ ग्रेडचा काळा, कडक बोल्ट या जागी अगदी चुकीचा. एक तर त्याला गंजाविरुद्ध फारसं संरक्षण नसतं, आणि दुसरं म्हणजे जास्त आवळल्यावर तो नमत नाही, बॉडी नमते.

इंजिन कायम खाऱ्या पाण्यावर असेल आणि स्टेनलेसच घालायचा असेल तर एकच अट. आट्यांना संरक्षक लेप लावल्याशिवाय तो बसवू नये. समुद्री वापराचा, ॲल्युमिनियमसाठी चालेल असं लिहिलेला लेप घ्यावा. लॅनोलिनचं ग्रीसही चांगलं काम देतं. तांब्याची भुकटी असलेला किंवा ग्राफाइटचा लेप मात्र इथे लावू नये. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ग्राफाइट दोन्ही ॲल्युमिनियमला खातात, म्हणजे टाळायचं होतं तेच आपण ब्रशनं लावल्यासारखं होतं. लेप लावलेला स्क्रू कमी जोरात जास्त आवळला जातो, तेव्हा हातही थोडा हलका ठेवायचा. मुलामा दिलेल्या स्क्रूंनाही मी लेपाचा बारीक थर देतोच.

जुन्या अमेरिकन इंजिनांवरचे काही सोनेरी किंवा राखाडी स्क्रू कॅडमियमच्या मुलाम्याचे असतात. कॅडमियम विषारी आहे. असे स्क्रू कानशीनं घासू नयेत, वायर ब्रशला लावू नयेत, तापवू नयेत.

लांबीकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं असं मला दिसतं. "थोडा लांब आहे, चालेल" हे वाक्य मी कार्बोरेटरजवळ ऐकून घेत नाही. बाउलच्या स्क्रूंची भोकं बऱ्याचदा आरपार नसतात. लांब स्क्रू तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि बाउल मात्र सैलच. माणूस गॅस्केटला दोष देत बसतो. त्यातून भोकाच्या तळाशी तेल किंवा क्लीनर साचला असेल तर स्क्रू पिस्टनसारखा तो दाबतो आणि ओतीव भिंतीला तडा जातो. आखूड स्क्रूचा त्रास उलटा. दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो आणि ते ओढले जातात. मऊ धातूत स्क्रू आपल्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत गेला पाहिजे. एम४ साठी ६ ते ८ मिलिमीटर. मी पातळ तार भोकात सोडून खोली घेतो, तीत बाउलच्या कानाची आणि गॅस्केटची जाडी मिळवतो, आणि टोकापाशी मिलिमीटरभर मोकळं राहील अशी लांबी धरतो. पॅन हेड, म्हणजे डोकं वर राहणाऱ्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, काउंटरसंकची, म्हणजे डोकं खळग्यात बुडणाऱ्याची, डोक्यासकट. मागवताना ही गल्लत होऊ देऊ नका. काउंटरसंकचा कोनही पाहा. मेट्रिकचा ९० अंश, अमेरिकनचा ८२. चुकीचा घातला तर तो बारीक कडेवर टेकतो आणि झाकणाच्या कानाला पाचरीसारखा फाडतो.

ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खळगा असलेला, घालायची कल्पना सगळ्यांना सुचते. फुली खराब व्हायची भीती नाही, हे मान्य. पण एम४ ॲलन बोल्टचं डोकं ७ मिलिमीटरचं, पॅन हेडचं ८ चं, म्हणजे दाब कमी जागेवर पडतो आणि खाली चकती लागतेच. डोकं ४ मिलिमीटर उंच, ते कुठे लिव्हरला घासतंय का हे थ्रॉटल पूर्ण फिरवून बघावं लागतं. आणि लांब दांड्याची ॲलन की हातात असली की लहान स्क्रूला हवा त्याहून कितीतरी जास्त जोर लागतो, कळतही नाही. डोक्याच्या खळग्यात खारं पाणी साचून राहतं हेही आहेच. ज्या बाजूला सरळ ड्रायव्हर पोचतच नाही तिथे मी ॲलन घालतो, एरवी नाही. मूळ स्क्रूला जोडलेली स्प्रिंग चकती असेल तर नवाही तसाच घ्यावा. नुसती स्प्रिंग चकती मऊ बॉडीवर ठेवली तर तिची धार रुतते, म्हणून तिच्याखाली साधी पातळ चकती द्यावी.

बटरफ्लायचे स्क्रू हा जबाबदारीचा भाग आहे. थ्रॉटलच्या दांड्याला ती गोल पत्री धरून ठेवणारे एक-दोन बारके स्क्रू असतात. त्यातला एक सैल होऊन सुटला तर तो सरळ इंजिनात ओढला जातो. टू-स्ट्रोकमध्ये तो रीडमधून, म्हणजे आत घेणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपेतून, क्रँककेसमध्ये पोचतो आणि तिथून पुढे काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच कारखान्यात त्यांची टोकं मागून ठोकून पसरवलेली असतात. पत्री आणि दांडा ठीक असेल तर हे स्क्रू उघडूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. उघडावेच लागले तर आधी पसरलेलं टोक कानशीनं घासून काढायचं, नाही तर स्क्रू बाहेर येताना दांड्यातले आटे खरवडत येतो. काढलेला स्क्रू परत वापरायचा नाही. त्याच धातूचा, त्याच लांबीचा नवा घ्यायचा. पत्रीच्या कडा तिरक्या कापलेल्या असतात, त्यामुळे ती काढण्याआधी कुठली बाजू कुठे होती याची खूण करून ठेवायची. बसवताना स्क्रू अर्धे आवळून थ्रॉटल बंद करायचा, पत्रीला आपली जागा घेऊ द्यायची, मग पूर्ण आवळायचं आणि उजेडाकडे धरून कडेनं फट सगळीकडे सारखी आहे ना ते पाहायचं. आट्यांवर थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा थेंब, बारीक स्क्रूंसाठीचा कमी ताकदीचा. आटे तेलकट असतील तर तो धरत नाही, आणि पूर्ण सुकायला त्याला दिवसभर द्यावा लागतो. मग मागून दांड्याला घट्ट आधार देऊन टोक हलकेच पसरवायचं. आधार नसेल तर दांडा वाकतो.

हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू दिसायला स्क्रू असला तरी त्याचं काम सुईचं आहे. त्याच्या टोकाचा निमुळता कोन ठरलेला असतो आणि तेवढ्याच कोनाची जागा बॉडीत असते. इथे "बसतोय ना" या न्यायानं काही घालू नये. त्याच कार्बोरेटरचा मूळ भाग किंवा त्याचं किटच हवं. टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर कुणीतरी तो तळाला आवळून टाकलाय, आणि अशा सुईनं आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. नवी सुई बोटांनी अलगद टेकवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या फेऱ्या मागे घ्यायची. पुष्कळ कार्बोरेटरांवर ही सुरुवात एक ते दीड फेरीवर असते. स्क्रू पेट्रोल अडवणारा आहे की हवा अडवणारा, हे आधी समजून घ्या. पेट्रोलचा असेल तर आत घेतल्यावर मिश्रण पातळ होतं, हवेचा असेल तर दाट. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणून पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनला तेलही कमी. जुनी ओएमसी इंजिनं, म्हणजे जॉन्सन आणि एव्हिनरूड, यांच्या सुयांभोवती पॅकिंगच्या चकत्या आणि एक नट असतो. सुई बदलली की त्या चकत्याही बदलाव्यात, नाही तर थरथरीनं सुई आपोआप फिरते.

बॉडीतले आटे गेलेच असतील तर दोन रस्ते आहेत. भिंत जाड असेल तर ४.२ मिलिमीटरचं भोक पाडून एम५ चे आटे पाडता येतात, पण मग बाउलच्या कानातलं भोकही मोठं करावं लागतं आणि कान अशक्त होतो. मला तारेचा इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, जास्त पटतो. स्क्रू मूळच्याच मापाचा राहतो, पुढच्या माणसाला काही वेगळं शोधावं लागत नाही. तो इन्सर्ट स्टेनलेसचा असतो, म्हणून बसवताना त्यालाही तोच लेप. आटे नुसते घाण झाले असतील तर आटे पाडायचा धारदार टॅप घालू नये, तो जिवंत धातूही कापतो. एखाद्या जुन्या चांगल्या स्क्रूला लांबीत कानशीनं एक खाच पाडली की आटे साफ करायचं उत्तम साधन होतं. हलकं तेल लावून बोटांनीच आत-बाहेर फिरवायचा आणि प्रत्येक वेळी पुसायचा.

आमच्या या इंजिनाचं ठरलं ते असं. बाउलला मुलामा दिलेले एम४ × ०.७, पॅन हेड, जेआयएस फुलीचे चार नवे स्क्रू, खाली साधी आणि स्प्रिंग अशा दोन चकत्या. स्टेनलेसचा जो लांब स्क्रू निघाला, त्याच्या भोकात इन्सर्ट. बटरफ्लाय शाबूत आहे, तिला हात लावला नाही. मिश्रणाची सुई किटमधली. ड्रेनच्या बोल्टखालची चकती नवी. सिलिकॉनचा सीलंट पुतण्यानं आणला होता, तो बाजूला ठेवला. साधा सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतो, सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जातात. बाउलची कड सपाट असेल तर कोरडं गॅस्केट पुरतं. सपाट नसेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती घासून सपाट करायची.

आवळायचं ते समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन टप्प्यांत. एम४ ला साधारण १.५ ते २ न्यूटन-मीटर पुष्कळ झाले, मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तो. टॉर्कचा ड्रायव्हर नसेल तर ड्रायव्हरची मूठ पंजात न घेता तीन बोटांत धरायची. मग इंजिन बंद ठेवून पंपानं बाउल भरायचा, कोरडा कागद कडेनं फिरवायचा आणि थोडा वेळ तसंच ठेवून पुन्हा फिरवायचा. पहिल्यांदा चालवून इंजिन थंड झालं की गॅस्केट दबलेलं असतं आणि स्क्रू किंचित सैल लागतात. तेव्हा त्याच क्रमानं एकदा हात फिरवायचा, आणि कोणत्या भोकात कोणत्या मापाचा, किती लांबीचा स्क्रू आहे ते इंजिनाच्या वहीत लिहून ठेवायचं.